मालिकांच्या पुरस्कारांत 'लाडकी' कोण ठरवतं? चाहत्यांची तक्रार आणि वाहिनीचं गणित

वाहिनीच्या पुरस्कार सोहळ्याचा पहिला प्रोमो पडला की फॅन पेजेसवर मोजणी सुरू होते. प्रोमो थांबवून थांबवून पाहिला जातो. आपली जोडी किती सेकंद दिसली, समोरची किती, पोस्टरवर मधोमध कोण आणि कोपऱ्यात कोण, याचे स्क्रीनशॉट फिरतात. खाली कमेंट ठरलेली असते : 'आमच्या मालिकेवर नेहमीच अन्याय होतो.'

सोहळा होतो, निकाल लागतो आणि तेच पेज सूर बदलतं. आपली मालिका जिंकली तर 'जनतेचा कौल', हरली तर 'सगळं आधीच ठरलेलं होतं'. दोन आठवड्यांपूर्वी जी मतदानाची लिंक हिरिरीने शेअर केली, तीच आता 'दिखावा' ठरते.

हे सगळं पोरखेळ म्हणून सोडून देता येईल. पण पाटण तालुक्यातल्या कोयनानगरमध्ये बसून मोबाइलवरून मत देणाऱ्या प्रेक्षकाच्या जागी उभं राहिलं तर हा राग इतका हलका वाटत नाही. का, ते पाहू.

आधी टीआरपीचं गणित

कुठली मालिका किती पाहिली जाते हे 'बार्क' ही संस्था मोजते. त्यासाठी निवडक घरांत यंत्र बसवलेलं असतं. देशभरात अशी सुमारे ५५ हजार घरं आहेत. बार्कच्याच २०२०च्या अंदाजानुसार टीव्ही असलेली घरं २१ कोटी. म्हणजे साधारण ३,८०० घरांमागे एक यंत्र.

यात घोटाळा काहीच नाही, नमुना पाहणी अशीच चालते. पण याचा अर्थ असा की, कोयनानगरमधल्या एखाद्या घरात रोज रात्री न चुकता मालिका लागत असली, तरी त्या घरात यंत्र असण्याची शक्यता फार कमी. त्या घराचं पाहणं दुसऱ्या कुठल्या तरी घराच्या आकड्यातून 'धरलं' जातं.

मग या प्रेक्षकाला 'मी पाहतो' हे थेट सांगायची जागा कुठली? वर्षातून एकदा येणारं पुरस्कारांचं मतदान. वाहिनी म्हणते, 'तुमची आवडती मालिका तुम्हीच निवडा.' तो निवडतो. म्हणूनच निकाल पटला नाही की त्याला आपली मोजणीच झाली नाही असं वाटतं.

सातारी मालिका आणि गावाचा मान

सातारा-वाई परिसरासाठी हा विषय आणखी जवळचा आहे. १ मे २०१७ रोजी झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली आणि जून २०१९ पर्यंत चालली. फौजी व्हायचं स्वप्न पाहणारा अज्या आणि त्याची शीतली ही पात्रं साताऱ्याकडची बोली बोलत होती. अज्या साकारणारा नितीश चव्हाण साताऱ्याचाच. ज्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, तिथे ही गोष्ट 'टीव्हीवरची' राहिली नाही, घरातली झाली. पुढे 'देवमाणूस', 'मन झालं बाजिंद', 'अप्पी आमची कलेक्टर', 'लाखात एक आमचा दादा' अशा मालिकांनी हा पट्टा पुन्हा पुन्हा पडद्यावर आणला.

अशा मालिकेला कमी प्रोमो मिळाले, किंवा 'लोकप्रिय जोडी' मिळून अभिनयाचा पुरस्कार हुकला, तर चर्चा लगेच 'गावाकडचं विरुद्ध शहरी' अशी होते. आपली भाषा हसायला चालते, गौरवायला नाही, असा अर्थ लावला जातो. तो दर वेळी खरा असेलच असं नाही. पण वर्षानुवर्षं पडद्यावर गावच्या बोलीला नोकराच्या आणि विनोदी पात्राच्या तोंडीच जागा मिळाली असेल, तर हा संशय आभाळातून पडलेला नाही हेही मान्य करावं लागतं.

वाहिनीचे पुरस्कार म्हणजे नेमकं काय?

'झी मराठी उत्सव नात्यांचा' काय किंवा २०२१पासूनचा 'स्टार प्रवाह परिवार पुरस्कार' काय, या सोहळ्यांत त्या-त्या वाहिनीच्याच मालिका असतात. दुसऱ्या वाहिनीवर कुणी कितीही चांगलं काम केलं तरी इथे त्याचं नाव येणार नाही. सासू, सून, आई, भावंडं, कुटुंब, जोडी, खलनायिका असे विभाग नात्यांवर बेतलेले असतात. सोहळा आधी चित्रित होतो आणि नंतर रविवारी संध्याकाळी नाच-गाणी, विनोदी प्रवेश आणि जाहिरातींसह काही तास दाखवला जातो.

म्हणजे हा पुरस्कार आहेच, पण त्याआधी तो वाहिनीचा एक कार्यक्रम आहे. घरच्या लग्नात कुणाला पुढे बसवायचं हे घरचेच ठरवतात, तसं. आणि वाहिनीची स्वतःची गरज असते.

पहिली गरज नवी मालिका. जुन्या मालिकेचा प्रेक्षक ठरलेला असतो, नव्या मालिकेला तो मिळवायचा असतो. 'तुला पाहते रे' १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाली, तर 'तुझ्यात जीव रंगला' ३ ऑक्टोबर २०१६ रोजी. झी मराठीचा सोहळा साधारण दिवाळीच्या आसपास येतो. सोहळ्याच्या तोंडावर सुरू झालेल्या मालिकेची हवा ताजी असते आणि वाहिनीलाही ती वाढवायची असते. दोन-तीन वर्षं रोज राबलेल्या कलाकारांच्या चाहत्यांना नेमकं हेच खुपतं.

दुसरी गरज वेळेची. समोरच्या वाहिनीवर त्याच वेळेला तगडी मालिका असेल, तर आपल्या मालिकेवर जास्त जोर लावला जातो. तिसरं कारण उलट दिशेचं : जी मालिका दोन-चार महिन्यांत संपणार, तिच्या प्रोमोवर खर्च कशाला?

चाहते ज्याला 'पक्षपात' म्हणतात, त्यातला बराच भाग हा असा साधा धंद्याचा हिशोब असतो. सगळ्या मालिकांना समान प्रसिद्धी देण्याचं वचन कुठल्याच वाहिनीने दिलेलं नसतं.

वेळ बदलली आणि कथाही बदलली

मार्च २०२४मध्ये स्टार प्रवाहने 'आई कुठे काय करते' संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीच वाजता नेली. साडेसातला 'घरोघरी मातीच्या चुली' ही नवी मालिका आली. डिसेंबर २०१९पासून चाललेली, अरुंधतीमुळे घराघरात पोहोचलेली मालिका दुपारी ढकलली, असं अनेक चाहत्यांना वाटलं. वाहिनीच्या बाजूने पाहिलं तर दुपारची वेळ उभी करायला ओळखीचं नाव लागतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मालिका त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपली.

यात लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. यशाच्या काळात प्रत्येक मालिका दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेत 'वाहिनीची लाडकी' असते. उतरणीला लागली की तीच 'अन्यायग्रस्त' होते. मालिका तीच, कलाकार तेच, बदलतं ते तिचं वाहिनीच्या वेळापत्रकातलं स्थान. चाहत्यांची कथा त्या स्थानामागून फिरत राहते.

हे फक्त मराठीत होतं का?

अजिबात नाही. २०१९च्या एमी पुरस्कारांत 'गेम ऑफ थ्रोन्स'ला ३२ नामांकनं मिळाली. त्यातली तीन वेगळी होती. ग्वेंडोलिन क्रिस्टी, आल्फी ॲलन आणि कॅरिस व्हॅन हाउटन यांची नावं एचबीओने पाठवलेलीच नव्हती. या तिघांनी स्वतः २२५ डॉलर शुल्क भरून अर्ज केला आणि तिघांनाही नामांकन मिळालं.

चाहत्यांची पहिली प्रतिक्रिया आनंदाची, दुसरी संतापाची : 'कंपनीने यांना किंमतच दिली नाही.' मग तिसरा युक्तिवाद आला. एकाच मालिकेतले सगळेच पाठवले तर मतं फुटतात, म्हणून निवडक नावं पाठवतात.

निकाल काय लागला? सहायक अभिनेत्री गटात या मालिकेच्या चौघी होत्या आणि पुरस्कार 'ओझार्क'च्या ज्युलिया गार्नरला मिळाला. मतं फुटली म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला. पण सहायक अभिनेता गटात याच मालिकेचे तिघे होते आणि त्यातलाच पीटर डिंकलेज जिंकला. इथे मात्र तोच सिद्धांत चालेना.

पण तिथे एक दार उघडं होतं. मालकाने नाव पाठवलं नाही तरी कलाकाराला स्वतः अर्ज करता येत होता, आणि हा नियम लिहिलेला होता. त्यामुळे 'डावललं' ही तक्रार तपासता आली.

मराठीत असं दार आहे का?

थोडं आहे. गोव्यातल्या 'इफ्फी' महोत्सवात २०२३पासून वेब सीरिजसाठी पुरस्कार सुरू झाला. पहिल्या वर्षी तो 'पंचायत'च्या दुसऱ्या पर्वाला मिळाला. २०२४मध्ये अंतिम फेरीत 'कोटा फॅक्टरी', 'काला पानी', 'ज्युबिली' आणि तमिळ 'अयली' यांच्यासोबत एक मराठी नाव होतं : निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'लंपन'. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची ही मालिका जिंकली. हा निकाल परीक्षकांचा होता, प्रोमोच्या सेकंदांचा नव्हता.

पण तो पुरस्कार ओटीटीवरच्या मालिकांचा. रोजच्या टीव्ही मालिकेला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत जागा नाही. 'मटा सन्मान'सारखे काही पुरस्कार वेगवेगळ्या वाहिन्यांच्या मालिका एकत्र पाहतात. तरी घराघरात चर्चा होते ती वाहिनीच्या सोहळ्याचीच, कारण मत मागतो तोच.

मग तक्रारीत तथ्य कुठे आहे?

प्रसिद्धी असमान असणं हा गुन्हा नाही. खरा प्रश्न मतदानाचा आहे. 'तुम्हीच निवडा' म्हणून मत मागितलं, तर पुढच्या गोष्टी विचारायचा हक्क प्रेक्षकाला मिळतो :

- नामांकनं कोण ठरवतं?
- कुठले विभाग प्रेक्षकांच्या मतावर आहेत आणि कुठले परीक्षकांच्या?
- दोन्ही मिळून निकाल असेल, तर कुणाचा वाटा किती?
- एका मोबाइलवरून किती मतं धरली जातात?
- एकूण मतं किती आली?

सोहळ्यात बक्षीस देताना मतांचा आकडा सहसा सांगितला जात नाही. तो पडद्यावर आला तर निम्म्या अफवा तिथेच थांबतील. उरलेल्या थांबणार नाहीत, कारण हरणं कुणालाच आवडत नाही. पण निदान वाद आकड्यावर होईल.

सध्या तो होतो कलाकारांवर. पुरस्कार मिळालेल्या अभिनेत्रीच्या फोटोखाली 'सेटिंग' लिहिलं जातं. जोडीतल्या एकाला बक्षीस मिळालं की दुसऱ्याचे चाहते तिच्यावर तुटून पडतात. प्रोमो कुणी कापला, पोस्टरवर कुणाला कुठे उभं केलं, यातला एकही निर्णय तिचा नसतो. नवख्या कलाकाराला तर पुढची मालिका मिळेल की नाही याचीच धास्ती असते.

आणखी एक हिशोब आहे. फॅन पेज चालवणारी मुलं रात्र रात्र जागून रील बनवतात, मतं गोळा करतात, हॅशटॅग चालवतात. वाहिनीला ही प्रसिद्धी फुकट मिळते. भांडण जितकं मोठं, तितकी सोहळ्याची चर्चा जास्त.

पुढचा सोहळा आला की कोयनानगरमधून पुन्हा मतं जातील. प्रोमोतले सेकंद मोजण्याआधी तिथल्या प्रेक्षकाने वाहिनीच्याच पोस्टखाली एवढंच विचारून पाहावं : मतं किती आली, आणि त्यात माझं धरलं का?