क्लब कुणाचा? मालकाचा, की गॅलरीत बसणाऱ्याचा?

परवा शाहू स्टेडियमवर मॅच बघत होतो. शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, "सर, ते इंग्लंडचं ब्लॅकबर्न पुण्याच्या वेंकीजचं आहे नव्हं? मग तिथली लोकं मालकाला एवढ्या शिव्या का घालत्यात?"

वीस वर्षं पत्रकारितेत आहे, त्यातली निम्मी क्रीडा पानावर गेली. तरी त्याला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की उत्तर आपल्याकडच्या पेपरात कधी आलंच नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय ब्लॅकबर्नचा असला तरी शेवटी आपल्याच दारात येतो.

आधी ब्लॅकबर्न काय आहे ते बघू. लँकेशायरमधलं कापड गिरण्यांचं जुनं गाव. इचलकरंजीच्या माणसाला लगेच ओळखीचं वाटेल असं. 1875 ला तिथं रोव्हर्स क्लब निघाला. 1888 ला इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या बारा क्लबांत हा होता. पुढं 1991 मध्ये जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलाद व्यावसायिकानं क्लब घेतला, पैसा ओतला, शिअररला आणलं आणि 1995 ला प्रीमियर लीग जिंकून दाखवली. वॉकर लहानपणापासून त्याच क्लबचा समर्थक. म्हणजे मालक होता, पण गॅलरीतला होता.

तो 2000 साली गेला. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहानं सुमारे 23 दशलक्ष पौंडांना क्लब विकत घेतला. तेव्हाच्या दरानं दीडशे कोटींच्या वर. आपल्याकडं केवढं कौतुक झालं आठवतंय? मराठी मुलखातल्या कंपनीनं इंग्रजांचा क्लब घेतला म्हणून छाती फुगली. माझीही फुगली होती, खोटं कशाला बोलू. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये ब्लॅकबर्नची टीम बालेवाडीला मैत्रीपूर्ण सामना खेळायला आली तेव्हाही इकडं तोच उत्साह.

तिकडं काय चाललं होतं? क्लब घेतल्यावर महिनाभरात अनुभवी मॅनेजर सॅम अलारडाइसला काढलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती, म्हणजे काही बुडालेली नव्हती. त्याच्या जागी स्टीव्ह कीन, ज्याला मुख्य मॅनेजर म्हणून अनुभवच नव्हता. लोक ओरडत राहिले, मालकांनी ऐकलं नाही. 7 मे 2012 ला घरच्या मैदानावर विगनकडून हरले आणि प्रीमियर लीगमधून खाली गेले. त्या मॅचला कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. मालकाचा धंदा पोल्ट्रीचा, म्हणून कोंबडी.

ती कोंबडीची बातमी मात्र आपल्या सगळ्यांच्या पेपरात आली. गंमत म्हणून. ती का सोडली, ते कुणी लिहिलं नाही.

पुढच्या हंगामात कीन गेला. त्याच्यानंतर हेनिंग बर्ग 57 दिवस टिकला, त्याच्यानंतर मायकेल अ‍ॅपलटन 67 दिवस. आपल्याकडं गणपती मंडळाचा अध्यक्षसुद्धा यापेक्षा जास्त टिकतो. 2017 ला क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या स्तरावर घसरला. वर्षभरात वर आला, पण प्रीमियर लीग परत दिसली नाही. 2023 पासून तर इकडून पैसे पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. 2024 च्या फेब्रुवारीत अ‍ॅडम व्हार्टन हा घरच्या अकादमीत घडलेला पोरगा क्रिस्टल पॅलेसला विकला. 2025 मध्ये महिलांची टीम वरच्या लीगमधून काढून घेतली. आणि मालक मंडळी वर्षानुवर्षं त्या मैदानावर फिरकत नाहीत, हा लोकांचा सगळ्यात मोठा राग.

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर आपणही एकतर्फीच झालो. या मालकांनी आतापर्यंत 200 दशलक्ष पौंडांहून जास्त पैसा क्लबात घातला आहे. क्लब चालू आहे, पगार होतात. तिथून जवळच्याच बरी गावाचा शंभर वर्षांहून जुना क्लब पैशाअभावी 2019 मध्ये लीगमधून बाहेर फेकला गेला. ब्लॅकबर्नवर ती वेळ आली नाही, हे श्रेय मालकांना द्यावंच लागतं.

मग राग कशाचा? मला वाटतं, राग पैशाचा नाहीच, न बोलण्याचा आहे. घरातला कर्ता माणूस पैसे देतो पण घरी येत नाही, कुणाशी बोलत नाही, आणि पोराची शाळा परस्पर बदलतो. मग घरातले काय म्हणतील? "पैसे देतोय ना" हे काय उत्तर झालं?

पुण्याचंच बघा. 2015 मध्ये पुणे एफसी बंद. त्याच वर्षी भारत एफसी एकच हंगाम खेळून बंद. 2017 ला डीएसके शिवाजीयन्स बंद. 2019 ला एफसी पुणे सिटी बंद आणि त्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. चार-पाच वर्षांत चार व्यावसायिक क्लब गेले. नारंगी जर्सी घालून बालेवाडीला ढोल वाजवणाऱ्या पोरांना कुणी विचारलं का? टीम सुरू झाली तेव्हा पान पानभर बातम्या, बंद झाली तेव्हा कोपऱ्यात चार ओळी. ब्लॅकबर्नच्या माणसाकडं शिव्या घालायला क्लब तरी आहे. पुण्याच्या पोराकडं तेवढंही राहिलं नाही.

इथं आमच्या धंद्याचा विषय येतो.

इंग्लंडमध्येच न्यूकॅसल नावाचं फुटबॉलवेडं शहर आहे. तिथं माइक अ‍ॅशली 2007 ते 2021 मालक होता. लोकांचा एवढा नावडता की 2011 मध्ये शंभरेक वर्षांच्या मैदानाचं नाव बदलून स्वतःच्या दुकानांचं नाव दिलं होतं. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये समर्थकांनी त्याच्याविरुद्ध मोर्चा काढला. तिथल्या क्रॉनिकल, जर्नल आणि संडे सन या स्थानिक पेपरांनी तो छापला. लगेच क्लबनं तिन्ही पेपरांना मैदानाचे दरवाजे बंद केले. पत्रकार परिषद नाही, मुलाखत नाही. तरी पेपरांनी बातम्या देणं सोडलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझीच एक गोष्ट आठवली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एक स्पर्धा झाली. प्रायोजकानं स्टेजवर बक्षिसाची मोठी रक्कम जाहीर केली. फायनल झाली, ट्रॉफी दिली, फोटो झाले. पैसे मात्र सहा महिने झाले तरी मिळेनात. जिंकलेल्या टीमचा गोलकीपर माझ्याकडं आला. कागद बघितले, दोन्ही बाजूंना विचारलं, बातमी लिहिली. संध्याकाळी जाहिरात विभागातून फोन आला. प्रायोजक आमचा मोठा जाहिरातदार होता. बातमी चार ओळींची झाली, नाव गेलं. दोन दिवसांनी त्याच पानावर त्याच माणसाच्या सत्काराचा तीन कॉलमी फोटो लागला. ओळ मीच लिहिली होती.

गोलकीपरनं फोन केला. चिडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, तुमच्या पेपरात आमची बातमी शोधावी लागली, त्यांचा हार लगेच दिसला."

मी तेव्हा वरिष्ठांशी भांडलो नाही. घराचा हप्ता होता, पोरीची फी होती. कारणं खरी होती, पण ती त्या पोराच्या काय कामाची?

आपल्या कोल्हापूरचं वेगळेपण असं की इथं क्लबला मालक नाही. तालीम आहे, पेठ आहे, वर्गणी आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं कुणाच्या कंपनीची नाहीत. हरलं तर पेठ हरते, जिंकलं तर पेठ गुलाल उधळते. पण आता स्पर्धेचा खर्च वाढला, बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आले, प्रायोजकाशिवाय भागत नाही. प्रायोजक यावेत, माझा विरोध नाही. नुसत्या वर्गणीवर आजचा फुटबॉल चालणार नाही. पण आज बॅनरवर आलेला माणूस उद्या टीम कोण निवडणार ते सांगायला लागला, तर त्याला अडवणार कोण?

जर्मनीत नियम आहे, काही अपवाद सोडले तर क्लबची निम्म्यापेक्षा एक मत जास्त सभासदांकडंच राहतं. इंग्लंडनं 2025 मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक आणला, क्लबांना समर्थकांचं म्हणणं ऐकायला लावलं. तिथं एवढं पोळल्यावर सुचलं. आपल्याला पोळायच्या आधी सुचलं तर बरं.

माझ्या तीन साध्या अपेक्षा आहेत. एक, ज्या तालमीला प्रायोजक मिळेल तिनं किती पैसे आले आणि कुठं गेले ते वर्षातून एकदा पेठेसमोर वाचून दाखवावं. दोन, जाहीर केलेलं बक्षीस आधी आयोजकांकडं जमा करावं आणि मगच स्टेजवर माइक हातात घ्यावा. तीन, हे आम्हा पत्रकारांसाठी. प्रायोजकाची प्रेसनोट बातमी म्हणून छापायची असेल, तर गॅलरीतल्या माणसाची तक्रारही तेवढ्याच जागेत छापा.

तिसरी अपेक्षा मी स्वतःपासून सुरू करतोय. कुठल्या स्पर्धेचं बक्षीस थकलं असेल, कुणा खेळाडूचे पैसे अडकले असतील, तर कागद घेऊन या. दोन्ही बाजू विचारीन, खात्री करीन आणि लिहीन. पेपरात जागा मिळाली नाही तर इथं लिहीन, नावासकट.

आणि त्या गॅलरीतल्या पोराला उत्तर: भावा, ती लोकं आपल्याला शिव्या घालत नाहीत. ती विचारतायत, आमचं ऐकणार कोण? पुण्याच्या पोरांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा आम्ही पेपरवाले गप्प बसलो.