रक्तात लोह आहे, म्हणून चुंबकाचा पट्टा?

चुंबकाचे कडे, पट्टा किंवा गादी विकणारे एक वाक्य हमखास ऐकवतात: "रक्तात लोह असते, चुंबक लोहाला ओढतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारते." ऐकायला पटते. पण शाळेतले विज्ञान आठवले तर यातली गफलत तुमच्याच लक्षात येईल.

चुंबक खिळ्याला का ओढतो? लोखंडाचा प्रत्येक अणू इवलासा चुंबकच असतो. खिळ्यात असे असंख्य अणू एकमेकांना लागून असतात आणि त्यांचे गट वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. चुंबक जवळ आला की बरेचसे गट एकाच दिशेला वळतात. खिळा स्वतःच तात्पुरता चुंबक बनतो आणि ओढला जातो.

रक्तातले लोह असे नसते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे फक्त चार अणू असतात, तेही प्रथिनात एकमेकांपासून दूर. त्यांचे गट बनतच नाहीत. ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनला तर चुंबक किंचित दूर ढकलतो, आणि ऑक्सिजन सोडलेल्याला किंचित ओढतो. हे १९३६ मध्येच पॉलिंग आणि कोरिएल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

याचा पुरावा हवा असेल तर एमआरआय पाहा. त्याचे १.५ टेस्लाचे चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट असते. त्यात अर्धा तास झोपूनही तुमचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही. पण त्याच खोलीत लोखंडी वस्तू गोळीसारखी खेचली जाते. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर असाच खेचला जाऊन एका तरुणाचा जीव गेला. मग पट्ट्यातला छोटा चुंबक, ज्याचा जोर काही सेंटिमीटरवरच ओसरतो, तो रक्ताचे काय करणार?

पट्ट्याने कंबरेला आधार आणि ऊब मिळते, त्याने बरे वाटू शकते. ते साध्या पट्ट्यानेही वाटेल. माझा खरा आक्षेप वाया जाणाऱ्या पैशांपेक्षा, त्या भरवशावर बंद होणाऱ्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांवर आहे. त्या स्वतःहून कधीही बंद करू नका.

चुंबकाची भीती बाळगायचीच असेल तर योग्य ठिकाणी बाळगा. पेसमेकर असलेल्यांनी छातीजवळ चुंबक आणू नये. आणि खेळण्यातले छोटे, शक्तिशाली चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना खेचतात, मधली भिंत दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला भोक पडू शकते. मूल चुंबक गिळले असल्याची नुसती शंका आली तरी शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नका, उलटी करवू नका. मूल हसत-खेळत असले तरी लगेच रुग्णालय गाठा.