उरलेल्याचे दान



अमेरिकेतील पोर्टलंड येथील ऑरेगन प्राणिसंग्रहालयात १९९९ पासून एक प्रथा चालत आली आहे. ऑक्टोबरमध्ये, हॅलोविन सणाच्या सुमारास, तेथील हत्तींपुढे प्रचंड आकाराचे लाल भोपळे ठेवतात. विदर्भात आपण ज्याला कोहळे म्हणतो, तेच. हत्ती ते पायाखाली फोडतात आणि मग सोंडेने एकेक फोड उचलून खातात. सण सरल्यावर इतरही अनेक प्राणिसंग्रहालये उरलेले भोपळे स्वीकारतात. मात्र रंगवलेला, मेणबत्तीच्या काजळीने माखलेला किंवा बुरसलेला भोपळा घेत नाहीत.

यामागे केवळ पोट भरण्याचा विचार नाही. अरण्यातील हत्तीचा बहुतेक दिवस अन्न शोधण्यात जातो. बंदिस्त प्राण्याला अन्न आयते मिळते, पण त्याला काही कामच उरत नाही. मग तो एकाच जागी डोलत राहतो किंवा येरझारा घालतो. अन्न हुंगून, शोधून, फोडून मिळवावे लागले की त्याचे मन रमते. मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात उन्हाळ्यात प्राण्यांना फळे घालून गोठवलेला बर्फ देतात. त्यातून थंडाव्याबरोबर हा विरंगुळाही साधतो.

हे वाचताना मला आमची एक जुनी चूक आठवली. वर्ध्यात घरच्या मंगलकार्यात उरलेला भात, पुऱ्या आणि बुंदी आम्ही शेजारच्या गवळ्याच्या गाईंना घातली आणि जीवदया केल्याच्या समाधानात झोपलो. सकाळी एक गाय पोट फुगून आडवी पडली होती. रवंथ करणाऱ्या जनावराने असे अन्न एकदम भरपूर खाल्ले की पोटात आम्ल वाढते, असे पशुवैद्यकांनी सांगितले. तिसऱ्या दिवशी ती गेली. गवळ्याने आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही.

बँकेत आयुष्यभर इतरांचे जमाखर्च तपासले; पण त्या रात्री घरची अडचण दूर केली आणि ती दानाच्या खाती लिहिली, हे माझ्या ध्यानात आले नाही. उरलेले देण्यात कमीपणा नाही. घेणाऱ्याला ते मानवेल का, एवढे मात्र आधी पाहिले पाहिजे.

नातवंडांना घेऊन नागपूरच्या महाराजबागेत किंवा गोरेवाड्याला जाल, तेव्हा पिशवीतले काही प्राण्यांपुढे टाकू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार तशी मनाईच आहे. काही द्यावेसे वाटले, तर तेथील अधिकाऱ्यांना आधी विचारा, “यांना काय चालते?” अनुकंपेचा आरंभ या प्रश्नापासून होतो.