बीडचं कार्ड कुणी छापलंच नाही

माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, त्यामुळे जुनं चित्रकार्ड हातात आलं की मी चित्राआधी पाठ बघतो. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं बोरीबंदर स्टेशनचं एक कार्ड माझ्याकडे आहे, 'फोटोटाइप कंपनी, मुंबई'चं. पाठीवर मधली रेघच नाही. पाठ फक्त पत्त्यासाठी. ख्यालीखुशाली चित्राच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात. पाठीचे दोन भाग करायची मुभा ब्रिटनने १९०२ साली दिली, त्याआधी हीच रीत.

मुंबईत ही कंपनी होती, क्लिफ्टन आणि कंपनी होती. फोटोटाइपची छपाई काचेवरची. जिलेटिनचा थर द्यायचा, निगेटिव्हमधून उजेड पाडायचा, ओल धरलेल्या थरावर तेलकट शाई फिरवायची. हजार-दोन हजार प्रतींत थर झिजायचा. म्हणजे थोडक्या प्रतींचं काम या रीतीला सोयीचंच. तरी पाण्यात उभं असलेलं आपल्या बीडचं कंकालेश्वर मंदिर किंवा खजाना बावडी अशा कार्डावर मला कधी दिसली नाही.

कारण उघड आहे. गिऱ्हाईक होतं बोटीतून उतरणारा साहेब आणि छावणीतला गोरा शिपाई. तो रेल्वेने जाई तिथली कार्डं खपत. बीड पडलं निजामाच्या राज्यात, आणि बीड शहरात रेल्वे पोचली २०२५च्या सप्टेंबरात! निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळ टिपलं. १८९६ साली मुंबईत स्टुडिओही थाटला. बीडच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही.

या कार्डांचं मला कौतुक आहे, पण एक गोष्ट खटकते. इमारतीखाली तिचं नाव छापलेलं. माणसाखाली नुसतं 'भिस्ती', 'धोबी'. पखाल वाहणाऱ्याला आईबापांनी नाव ठेवलं नव्हतं काय?

म्हणून जिल्हा प्रशासनाने आता बीडच्या चित्रकार्डांचा संच काढावा, मराठी ओळींसह आणि माणसांच्या नावांसह. जुन्या स्टुडिओवाल्यांनीही काचेच्या निगेटिव्ह भंगारात घालू नयेत. आणि ज्यांच्या ट्रंकेत जुने फोटो आहेत, त्यांनी घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून मागे गाव, साल, नावं लिहून ठेवावीत. मऊ शिसपेन्सिलीने लिहा, हात हलका ठेवून. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला उमटतो.