अजाणफळ आणि वागाशीचं दुकान



टोकियोहून मुलाकडून परत येऊन महिना झाला, तरी मंदिराच्या पायऱ्या उतरताना मला एकच प्रश्न विचारला जातो. "वहिनी, तिकडच्या मिठाईच्या दुकानात गेला होतात म्हणे! आपल्याला काय चालतं हो तिथं?" विचारणाऱ्या दोन प्रकारच्या आहेत. एकीच्या मनात असतं की परदेशात गेल्यावर थोडं इकडं-तिकडं होणारच, तेवढं चालतं. दुसरीचं ठरलेलं असतं की तिकडचं पाणीसुद्धा नको. दोघींनाही माझं उत्तर आवडत नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

माझ्या सासूबाई दुसऱ्या प्रकारातल्या. कुर्डुवाडी हे जंक्शनचं गाव. पूर्वी स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं आणि १८९७ पासून इथून बार्शीकडे छोटी गाडी धावायची. कुंथलगिरीच्या यात्रेला जाताना सासूबाई त्या गाडीत दशम्या आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन बसत. फलाटावरच्या कुठल्याही पदार्थाकडे त्यांनी कधी मान वळवली नाही. "काय असतं त्यात कोणाला माहीत," एवढंच म्हणायच्या. त्यांच्या त्या वाक्यात बावीस अभक्ष्यांपैकी एक बसलेलं होतं, अजाणफळ. ज्याचं नाव-गुण माहीत नाही ते फळ खायचं नाही. पाठशाळेत आपण सगळ्यांनी ही यादी घोकली आहे, कंदमूळ, मध, संधान, चलितरस या ओळीतच अजाणफळ येतं आणि आपण ते पटकन म्हणून पुढे जातो. जंगलातल्या विषारी फळाबद्दल असेल असं वाटतं.

मुलगा-सून राहतात ते निशिकासाई, टोकियोच्या एडोगावा प्रभागात. तिथं इतके भारतीय आहेत की डाळ-तांदूळ, हिंग, गुळाची ढेप सगळं मिळतं. आपले मराठी गृहस्थ योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले. त्यामुळे घरच्या स्वयंपाकाची अडचण नव्हती. अडचण नातवाची होती. पाच वर्षांचा आहे. बालवाडीतल्या मुलांच्या तोंडून त्याने वागाशी, म्हणजे जपानी पारंपरिक मिठाई, ऐकलेली. रोज दुकानावरून जाताना काचेला नाक लावायचा. सुनेने मला हळूच सांगितलं, "आई, सुरुवातीला मी विचारायचे. मग लाज वाटायला लागली. मागे रांग असते, आपण आपले कांदा-लसूण-अंडं करत बसतो. आता मी विचारणंच सोडलंय. एकतर घेत नाही, नाहीतर देऊन टाकते."

हे ऐकून मला जे वाटलं ते रागाने नाही, भीतीने वाटलं. "घेत नाही" आणि "देऊन टाकते" यांच्यामध्ये तिच्याकडे काहीच उरलेलं नव्हतं. मी म्हटलं, उद्या आपण दोघी जाऊ, मी विचारते, तू फक्त भाषा सांभाळ.

दुकान आपल्या वाण्याच्या दुकानाएवढं. काचेच्या कपाटात मोजून आठ-दहा प्रकार, प्रत्येक तुकडा लाडवाहून लहान. चैत्र होता, बाहेर चेरी फुललेली आणि आत त्याच फुलाच्या आकाराची मिठाई. तूप नाही, खवा नाही, दुधाचा थेंब नाही. मुख्य माल म्हणजे कडधान्य. अझुकी नावाचा लालसर बारीक दाणा असतो, तो शिजवून साखरेत आटवतात, त्याला अन्को म्हणतात. आमचं भुसाराचं दुकान असल्यामुळे दाणा पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. आतून मूठभर आणून दाखवला. आपल्या मूग-उडीद-चवळीच्या कुळातलाच आहे तो. म्हणजे हे पुरणच झालं की, मी सुनेला म्हणाले. वेलदोडा-जायफळ घालायला विसरलेलं आणि तूप संपलेल्या घरातलं, पण पुरणच.

आणि मग मी विचारायला लागले.

अंडं? केक किंवा धिरड्यासारख्या ज्या दोन पदार्थ होत्या, त्यांत अंडं होतं, एकात मधही. दोन्ही बाजूला. जिलेटिन? नाही, घट्ट करायला कान्तेन वापरतात, त्यावर पुढे येतेच. ती सुंदर चेरीची फुलं कशाची? पांढऱ्या घेवड्याच्या पुरणाची, पण लुसलुशीत व्हावीत म्हणून त्यात डोंगरी कंद किसून घातलेला. काही दुकानांत कंदाऐवजी तांदळाच्या पिठाचा गोळा घालतात, इथं कंद होता. बाजूला. पारदर्शक थरथरणारे चौकोन? ते एका वेलीच्या मुळाच्या सत्त्वाचे. मूळ म्हटल्यावर तेही बाजूला. गुलाबी रंग कशाचा? हा प्रश्न सुनेला कळेना, मी तिला सांगितलं की कोचिनील नावाचा लाल रंग किड्यांपासून काढतात. ती माझ्याकडे बघतच राहिली, पण विचारलंन.

आता दुकानातल्या बाई वैतागतील असं आम्हाला दोघींनाही वाटलं. त्या आत गेल्या आणि पिठाने माखलेल्या हातांनी त्यांचे यजमान बाहेर आले. त्यांनी रंगाचं पाकीट आणून सुनेपुढे धरलं, तिने वाचलं, किड्याचा नव्हता. मग त्यांनी स्वतः कपाटावर बोट फिरवत एकेक सांगितलं, यात हे, यात ते. मागे रांगेत दोघी-तिघी होत्या. एक म्हातारी पुढे होऊन ऐकायला लागली. तिलाही बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं की ती इतकी वर्षं काय खात आली.

शेवटी आमच्यासाठी दोनच उरले. डाइफुकु, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या पारीत अन्को, आपल्या मोदकाचा चुलतभाऊ. आणि साकुरामोची, गुलाबी भरड तांदळाचा गोळा चेरीच्या पानात गुंडाळलेला. पान महिनोन्महिने मिठात मुरवलेलं असतं, म्हणजे आपल्या हिशेबाने संधानच, ते काढून ठेवलं. ही ओली मिठाई सकाळी करून त्याच दिवशी विकतात, दुसऱ्या दिवशीची ठेवत नाहीत. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, असं मोजत वाढलेल्या बाईला हे ऐकून किती बरं वाटलं असेल, तुम्हीच समजा. (ज्यांचा शोधाच्या जेवणाचा नियम आहे, प्रतिमा घेतलेल्या आहेत, त्यांना बाजारचं कुठलंच चालत नाही, तो विषय वेगळा. मी आपल्यासारख्या बाजारचा पेढा खाणाऱ्यांबद्दल लिहिते आहे.)

नातवाला मात्र ससा हवा होता. पांढरा, लाल डोळ्यांचा, दोन कान भाजून उठवलेला वाफवलेला मांजू. त्यात कंद होताच, त्यामुळे प्रश्न मिटला होता. पण तो हटून बसला, "आजी, खोटा ससा आहे हा!" मी त्याला तिथंच बाकावर बसवून यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आई चंद्रमतीच्या आग्रहाने राजाने खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा केला, देवीपुढे कापला आणि त्या संकल्पापायी माय-लेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावं लागलं. आपल्याकडे साखरेचे हत्ती-घोडे मुलांना द्यायचे नाहीत ते याच्यासाठीच. त्याला किती कळलं देव जाणे, कान तोडायचे नाहीत एवढं कळलं.

सुनेने मात्र मला पकडलं. ती म्हणाली, "आई, मग योकानचं काय? त्याच्या नावाचा अर्थच मुळी मेंढीचा रस्सा आहे."

खरं आहे. योकान म्हणजे अन्को आणि साखर कान्तेनमध्ये घट्ट करून केलेली वडी. मूळ चीनमधला तो खरोखर मेंढीच्या मांसाचा रस्सा होता. बौद्ध भिक्षूंबरोबर तो जपानात आला, तिथल्या भिक्षूंना मांस वर्ज्य, म्हणून त्यांनी मांसाच्या जागी कडधान्य घातलं. पुढे तो रस्साही राहिला नाही, गोड वडी झाली, नाव तेवढं जुनं राहिलं. जपानात मांसाबद्दल असा विचार फार जुना आहे. इ.स. ६७५ मध्ये तेम्मु सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी केली होती, वर्षाच्या चौथ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत. मला तर आपला चौमासाच आठवला. मासे मात्र कधी सुटले नाहीत, हेही सांगायला हवं.

मी सुनेला म्हणाले, यशोधराने पिठात कोंबडा घातला, या भिक्षूंनी रश्श्यातून मेंढी काढली. हात दोघांचे पिठातच होते, पण भाव कुठल्या दिशेला चालला होता ते बघ. नावाला मी अडणार नाही. आकाराला अडेन, कारण ससा मोडताना मुलाच्या मनात ससाच मोडतो.

पण योकान मी तरीही खाल्लं नाही. पहिलं कारण सोपं. तोराया म्हणून तिथलं फार जुनं घराणं आहे, सोळाव्या शतकात क्योतोमध्ये सुरू झालेलं, राजवाड्याला मिठाई पुरवणारं, १८६९ मध्ये राजधानीबरोबर टोकियोत आलेलं. त्यांच्या योकानची वडी मुलाने आणून ठेवली होती. साखर, अझुकी, कान्तेन, तीनच जिन्नस, नावं ठेवायला जागा नाही. पण बंद पाकिटात ती वर्षभर टिकते, आणि वर्षभराचं माझ्या घशाखाली उतरेना.

दुसरं कारण कान्तेन. सतराव्या शतकात क्योतोजवळ फुशिमीला एका खाणावळवाल्याने समुद्री शेवाळाची उरलेली जेली थंडीत बाहेर टाकली, ती गोठली, वाळली आणि त्यातून कान्तेन सापडलं अशी कथा सांगतात. यजमानांनी मला ते हातात दिलं. पांढरे, हलके, करकरीत धागे. हातात घेतलं आणि माझा चेहरा पडला. मैत्रिणींनो, हे आपलं चायना ग्रास! मुलांच्या वाढदिवसाला "जिलेटिन नाही हो, जैन जेली आहे" म्हणून मी वीस वर्षं अभिमानाने वाटत आले तेच. आणि शेवाळ आपल्याकडे कशात मोडतं? साधारण वनस्पतीत, एका शरीरात अनंत जीव. कंदमुळाला आपण ज्या कारणाने नको म्हणतो, त्याच कारणाने. समुद्रातलं ते तळ्यातल्या शेवाळासारखं धरायचं की नाही यावर आपल्यातच दोन मतं आहेत, आणि अनेक जैन घरांत ते चालतं. मी चूक-बरोबर सांगायला बसले नाही. पण वीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. पाकिटावर हिरवा ठिपका होता, गावातल्या वाण्याकडून आणलं होतं, झालं. परक्या देशात रांग अडवून सहा प्रश्न विचारणारी मी, आपल्या किराणा दुकानात तोंड उघडत नव्हते.

म्हणून "परदेशात चालतं" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही आणि "तिकडचं काही नकोच" म्हणणाऱ्यांशीही नाही. पहिलीला जाणायचंच नाही. दुसरीला वाटतं की अजाण ते सगळं परदेशात असतं आणि इथलं सगळं जाणलेलं. सासूबाईंचं निभावलं, कारण त्या बाजारचं काहीच खात नव्हत्या, इथलंही नाही. आपण साखरपुड्याच्या बॉक्समधली काजूकतली खातो. तिच्यावरचा चांदीचा वर्ख परंपरेने जनावराच्या आतड्याच्या पानांमध्ये ठोकून पातळ करत, हे ऐकलेलं आपल्यापैकी प्रत्येकीला आहे. मग किती जणींनी विचारलं? आपल्याला विचारायची लाज वाटते ती तर ओळखीच्या माणसापुढे जास्त वाटते.

ज्यांच्या सुना-मुली तिकडे आहेत त्यांनी हे शब्द लिहून पाठवा: अंडं म्हणजे तामागो, मध म्हणजे हाचिमित्सु, कंद म्हणजे इमो, जिलेटिनला झेराचिनच म्हणतात. पाकिटावर घटक लिहिलेले असतात, अंडं-दूध-गहू तर ॲलर्जीसाठी लिहावंच लागतं. सुट्या मिठाईला मात्र तोंडानेच विचारावं लागतं. माझी सून आता विचारते. परवा व्हिडिओ कॉलवर नातू मला सांगत होता, "आजी, आज मी विचारलं. इमो होतं. नाही घेतलं." रडून घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे, पण विचारलं त्यानेच.

परत आल्यावर मी इथल्या मिठाईच्या दुकानात गेले. वर्ख कुठून येतो विचारलं. गल्ल्यावरचा मुलगा गोंधळला. "काकू, आजवर कोणी विचारलंच नाही." त्याने सोलापूरच्या माल देणाऱ्याला माझ्यासमोर फोन लावला, तो म्हणाला बघून सांगतो. त्याला आता तीन आठवडे झाले. मी बिनवर्खाचे पेढे घेऊन आले.

चायना ग्रासचं पाकीट अजून फडताळात आहे. टाकलं नाही, फोडलंही नाही. यंदा चौमाशात आर्यिका माताजी जवळपास कुठं असतील तिथं ते बरोबर घेऊनच जाणार आहे.