दगड ओकतो, आमची माणसं गिळतात

दोस्तहो, हल्ली टॉवरवाले हिरवे झालेत. गेटावर पाटी, ग्रीन बिल्डिंग. दिव्यांचा हिशेब, नळांचा हिशेब. त्या जागेवरची जुनी इमारत पाडली तिचा हिशेब कुठल्या पाटीवर वाचलात?

गोदीत कॉइली उतरवणाऱ्या मॅट्रिकवाल्याला सिमेंटचं काय कळतं, म्हणाल. ऐका. चुनखडी साडेचौदाशे डिग्रीवर भाजली की क्लिंकर, तो दळला की सिमेंट. भट्टीचा धूर वेगळाच. निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द दगडातून सुटतो. भट्टी उद्या उन्हावर चालवा, दगड ओकायचा तो ओकणारच! जगभरच्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा. सिमेंटात ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते, ७० टक्क्यांपर्यंत पोलादभट्टीची मळी चालते. घाला की. पण पहिली बचत म्हणजे उभं आहे ते न पाडणं. तीच यांना नको, कारण चटईक्षेत्र वाढलं की धडधाकट इमारतसुद्धा यांना जुनाट दिसते.

नोएडाचे दोन मनोरे २८ ऑगस्ट २०२२ ला पाडले. सुमारे ८० हजार टन मलबा. बेकायदा होते, पाडायलाच हवे होते. पण ते बांधताना सुटलेला वायू कुठल्या कोर्टाच्या हुकमाने परत दगडात गेला?

आणि हे आम्हाला 'रियूज' शिकवणार! च्यायला, आमच्या झोपडीचं दार कुणाच्या तरी बंगल्याचं, लादी तिसऱ्याच्या मोरीची. वाकडी सळई घणाने सरळ करणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या हेच करतेय. तिला सर्टिफिकेट नाही. तिला धूळ आहे, सिलिकाची. फुप्फुसात बसली की सिलिकोसिस, तो बरा होत नाही.

२०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं की दिवसाला २० किंवा महिन्याला ३०० टनांवर मलबा काढणाऱ्याने तो वेगळा करायचा, पैसे भरायचे. वेगळा कोण करतो, बिल्डर? घमेलं कुणाच्या डोक्यावर असतं ते जात विचारून बघा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पाडकामही बांधकामातच धरलं होतं. तरी सळई उपटणारा मुकादमाच्या वहीत 'भंगारवाला'. म्हणजे कामगार नाहीच तो!

पाडायच्या परवान्यावर आतल्या सिमेंट-लोखंडाचं वजन लिहा. मलबा निवडणाऱ्याचं नाव हजेरीपटावर चढवा. हे ते आपणहून करणार नाहीत. तेव्हा पोरांनो, तुमच्या गल्लीतली इमारत पडेल त्या रात्री डंपरमागे जा. नंबर लिहून घ्या. खाडीवर, तिवरांत रिकामा व्हायच्या आत गाठा.