पळवाट की नवी वाट?

बहुतेक वर्षी फॉर्म्युला वन मोटारींची शेवटची शर्यत अबुधाबीच्या यास बेटावर होते. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आपल्या घरची मुले टीव्हीसमोरून हलत नाहीत आणि आजोबा कुरकुरतात, "पेट्रोल जाळायचे आणि गोल गोल फिरायचे, यात पाहायचे काय?" मला विचाराल तर वेगापेक्षा या खेळातले नियम अधिक पाहण्यासारखे आहेत. मुलांच्या बुद्धीला आपण काय वळण लावतो, हा प्रश्न त्यात दडला आहे.

नियम असा होता की गाडी धावत असताना वाऱ्याशी संबंधित कोणताही भाग हलता कामा नये. २०१० साली मॅक्लारेनच्या इंजिनिअरांनी ते वाक्य सावकाश वाचले. गाडीचा भाग हलायला नको, ठीक आहे. पण चालक हा गाडीचा भाग थोडाच आहे? त्यांनी गाडीत हवेची एक नळी बसविली. सरळ रस्ता आला की चालक गुडघ्याने तिचे छिद्र झाकी. मग हवा मागच्या पंखाकडे वळे, वाऱ्याचा अडथळा कमी होई आणि गाडी अधिक वेगाने पळे. पंचांनी तपासले, पण नियम कोठे मोडलेला दिसेना! लवकरच इतरांनीही ती युक्ती उचलली. पुढच्या वर्षापासून ती बंद करायची असे ठरले आणि १४ नोव्हेंबर २०१० रोजी अबुधाबीला ती शेवटची धावली. त्या दिवशी फेरारीचा अलोन्सो रेनॉच्या पेट्रोव्हमागे अडकून सातवा आला आणि अवघ्या ४ गुणांनी जगज्जेतेपद फेटेलकडे गेले. नळी अलोन्सोच्या गाडीत होती, तशीच पेट्रोव्हच्याही होती. सर्वांच्या हाती तीच किल्ली आली की तिचा उपयोग तो काय?

गंमत पुढेच आहे. २०११ पासून नियम करणाऱ्यांनी स्वतःच मागचा पंख उघडण्याची सोय दिली, आणि ती २०२५ पर्यंत चालली. काल जिला पळवाट म्हटले, तिच्याच हेतूने आज नियम झाला.

मर्सिडीजचेही तसेच. २०२० मध्ये त्यांचा चालक स्टिअरिंग आपल्याकडे ओढी आणि पुढच्या चाकांचा कोन बदले. रेड बुलने ऑस्ट्रियात तक्रार केली. पंचांनी ती फेटाळली. मर्सिडीजने हा बेत आधीच एफ.आय.ए. या नियामक संस्थेच्या कानावर घातला होता. पुढील वर्षासाठी बंदी आली. पण शिक्षा कोणालाच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच अबुधाबीला तक्रार करणारी तीच रेड बुल स्वतः पकडली गेली. पुढच्या पंखाची पाती वाऱ्याच्या दाबाने वाकावीत अशीच रचना केली होती, असे पंचांना आढळले. स्प्रिंग रबराच्या आवरणाखाली झाकलेली होती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. आम्हालाच का वेगळे काढता, अशी नाराजी संघाने दाखविली. परंतु रिकार्डो आणि फेटेल यांचे पात्रता फेरीतले ५ वे व ६ वे स्थान गेले आणि दोघांना सर्वांच्या मागून निघावे लागले.

मर्सिडीजच्या चालकाचे हात तर कॅमेऱ्यातून साऱ्या जगाला दिसत होते. रेड बुलची स्प्रिंग रबराखाली. माझ्या मते खरा फरक येथे आहे. पण आपण मोठी माणसे दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो: "लबाड!" आणि कधीकधी त्याहून वाईट, दोघांचेही सारखेच कौतुक करतो: "पोरगा चलाख आहे हो!"

आमच्या शिक्षकवर्गातही ही सवय आहे. गणितात मुलगी पाच ओळींऐवजी दोन ओळींत उत्तर काढते. रीत वहीत स्वच्छ मांडलेली असते, प्रश्नात अमुकच रीत वापरा असे कोठेही लिहिलेले नसते. तरी काही जण तांबडी रेघ ओढतात, कारण ती पुस्तकातली रीत नव्हे. शेजारचा मुलगा पाचही ओळी पुढच्या बाकावरून उतरवतो आणि पूर्ण गुण घेऊन घरी जातो. मग पालक विचारतात, आमच्या मुलांतून इंजिनिअर का निघत नाहीत!

दोन ओळींत सोडविणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. शिक्षकाला तिच्याकडून पाच ओळी हव्या असतील, तर त्याने पुढच्या परीक्षेचा प्रश्न नीट लिहावा, एफ.आय.ए.ने मर्सिडीजच्या बाबतीत हेच केले. आणि आईवडिलांनी घरी गुणांच्या आधी वही मागावी.

२०१४ च्या त्या शर्यतीचा निकाल सांगायचा राहिला. वाकणारी पाती काढून, सर्वांच्या मागून निघालेला रिकार्डो चौथा आला. पात्रता फेरीत त्या पात्यांसह तो पाचवा होता.